४५ टक्के रंगांची स्क्रीन

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की लोक आधी प्रोसेसर बघतात, मग रॅम, मग एसएसडी, मग किंमत बघून परत प्रोसेसरकडे येतात. मी थेट खाली जाते आणि स्क्रीनची ओळ शोधते. तिथे बऱ्याचदा असं काहीतरी लिहिलेलं असतं: १४ इंच, आयपीएस, अँटी-ग्लेअर, ३०० निट्स, ४५% एनटीएससी. हे शेवटचं जे ४५ टक्के आहे ना, त्याबद्दल कुणी बोलत नाही, दुकानदार तर नाहीच नाही. चित्रं, फोटो, मुखपृष्ठं, व्हिडिओ असलं काम करणाऱ्या माणसाने तरी त्या आकड्यापाशी थांबायला हवं.

एनटीएससी म्हणजे अमेरिकेतलं १९५३ सालचं रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड. त्यात जेवढे रंग धरले होते त्यातले किती टक्के ही स्क्रीन दाखवू शकते, एवढाच त्याचा अर्थ. आज आपण रंगांच्या ज्या मापात काम करतो ते एसआरजीबी, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलं आणि नेटवरचं जवळपास सगळं त्यात बसवलेलं असतं, ते साधारण ७२ टक्के एनटीएससी इतकं भरतं. म्हणजे ४५ टक्क्यांची स्क्रीन एसआरजीबीतला एक-तृतीयांशाहून जास्त भाग दाखवतच नाही. कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो, हळदीचा पिवळा पाणी घातल्यासारखा दिसतो, मोरपंखी तर धड निळाही राहत नाही आणि हिरवाही. मग काम करणारा माणूस काय करतो, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, वाढवतो, अजून थोडं वाढवतो, त्याच्या डोळ्याला बरं वाटेपर्यंत वाढवतो, आणि तीच फाइल क्लायंटच्या मोबाइलवर गेली की तिथल्या ओएलईडीवर, त्या भडक रंग दाखवणाऱ्या स्क्रीनवर, ती किंचाळायला लागते. रंग बघून ठरवणाऱ्याला स्क्रीनच खोटं सांगत असेल तर त्याचा हात कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

माझं काम मुख्यतः मुखपृष्ठांचं आणि अंकांच्या मांडणीचं. मराठीत दिवाळी अंक सुरू झाले ते १९०९ मध्ये, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणीतरी कुठेतरी पानं लावत बसलेलं असतं. आता त्यातली एक मी. जुलैपासून गडबड सुरू होते, गणपतीपर्यंत जाहिराती येत राहतात, पानं सरकत राहतात, आणि हे सगळं एका टेबलावर बसून होत नाही. संपादकांच्या घरी जावं लागतं, प्रेसमध्ये जावं लागतं, गावी जावं लागतं तेव्हा लॅपटॉप बरोबर असतोच. अधूनमधून एका मित्राबरोबर सिंधुदुर्गात दशावताराचं चित्रीकरण करायला जाते, ते प्रयोग रात्रभर चालतात आणि कार्डं तिथेच कॉपी करून घ्यावी लागतात. त्यामुळे मशीन लहान पाहिजे, खांद्याला झेपली पाहिजे, एसटीत मांडीवर उघडता आली पाहिजे, आणि पडली-धडपडली तरी दुसऱ्या दिवशी चालू झाली पाहिजे. आता असल्या कामाला बिझनेसवाली छोटी मशीन घ्यावी की घरगुती ग्राहकांसाठी बनवलेली, दुकानात चमकणारी? या प्रश्नावर मी फार विचार केलाय, आणि माझ्या लाइनमधल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी केलेला असतो.

गंमत अशी की ती ४५ टक्क्यांची स्क्रीन स्वस्त मशीनमध्ये तर असतेच, पण महागड्या बिझनेस लॅपटॉपमध्येही असते. लेनोव्होचं थिंकपॅड, डेलचं लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव डेल प्रो), एचपीचं एलिटबुक, लाखाच्या पुढची मशीन, आणि बेसिक कॉन्फिगरेशनला पॅनल हेच. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशात शेजारच्या काउंटरवर एसूसचा ओएलईडीवाला व्हिवोबुक नाहीतर झेनबुक उभा असतो, ज्याच्यावर १०० टक्के डीसीआय-पी३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एसआरजीबीपेक्षाही बरेच जास्त रंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बिझनेसवाले आपल्याला लुटतायत. तसं नाहीये, ती मशीन मुळात वेगळ्या माणसासाठी बनलेली आहे. हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा आयटी विभाग एका वेळी शेकड्याने लॅपटॉप मागवतो. त्यांच्याकडे एक्सेल, मेल, टीम्स आणि कोड, तिथे मोरपंखी नीट नाही दिसला तर कुणाचं काही अडत नाही. पण हजार माणसं रोज मशीन वापरणार म्हणजे रोज कुणाचा तरी चहा कीबोर्डवर सांडणार, कुणाचा तरी चार्जिंगचा पोर्ट सैल होणार, कुणाची बॅटरी फुगणार. तेव्हा ते मशीन उघडायला सोपं हवं, पार्ट मिळायला हवा, दुरुस्ती करणारा माणूस ऑफिसात यायला हवा. पैसे तिथे घातलेले असतात.

घरगुती ग्राहक दुकानात दहा मिनिटं उभा राहून ठरवतो. त्याला काय दिसतं तर स्क्रीन, जाडी, वजन, झळाळी. मग कंपनी पैसे तिथे घालते. बिजागरी तीन वर्षांनी कशी असेल ते त्या दहा मिनिटांत कळायचा काही मार्गच नसतो.

पहिलं थिंकपॅड, ७००सी, आयबीएमने १९९२ मध्ये आणलं, रिखार्ड झापर या डिझायनरचं काम, काळा चौकोनी डबा आणि कीबोर्डच्या मधोमध पॉइंटर हलवायची लाल टिकली. २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा लेनोव्होकडे गेला तरी टिकली राहिली. मला ती लाल टिकली मनापासून आवडते, कारण हालत्या गाडीत टचपॅडवर बोट नीट ठरत नाही पण टिकलीवर ठरतं, आणि पानातला एखादा बॉक्स अर्धा मिलिमीटर सरकवायचा असतो तेव्हा हे फार कामाला येतं. पण ही झाली सवयीची गोष्ट. महत्त्वाचं दुसरंच आहे: या बिझनेस मशीनचं दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनी स्वतः नेटवर फुकट ठेवते. कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठली केबल सोडवायची, कुठल्या पार्टचा नंबर काय, सगळं चित्रांसकट. बऱ्याच थिंकपॅडना कीबोर्डखाली पाणी वाहून जायला भोकं असतात. आणि डब्यावर जे मिलिटरी स्टँडर्ड ८१०एच लिहिलेलं असतं, त्याच्यावर मात्र फार विसंबू नका. तो अमेरिकन लष्कराचा चाचणीपद्धतींचा संच आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते आणि कुठलीही सरकारी संस्था येऊन शिक्का मारत नाही. हल्ली हेच शब्द घरगुती लॅपटॉपवर पण छापतात. मी त्यापेक्षा बिजागरी हाताने उघडून बघते, झाकण एका कोपऱ्यातून उचलल्यावर पिळतं का ते बघते, आणि ऑनसाइट वॉरंटी किती वर्षांची आणि आपल्या पिनकोडला खरंच मिळते का ते विचारते, कारण पुण्यात दुसऱ्या दिवशी येणारा माणूस कणकवलीत किती दिवसांनी येईल हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता मराठीत पानं लावणाऱ्यांची एक वेगळीच अडचण आहे, जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ प्रकाशकांचं आणि प्रेसचं काम श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये, म्हणजे मराठी टाइप करायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुन्या फाइली पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली होती. सगळीकडे चालणारा युनिकोड आला, पानं लावायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, इनडिझाइनमध्ये, वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला की जोडाक्षरं नीट बसतात, सगळं खरं, मी स्वतः नवीन काम युनिकोडमध्येच करते. पण एखाद्या लेखकाचं पंधरा वर्षांपूर्वीचं पुस्तक पुन्हा छापायचं असलं की त्या जुन्या फाइली उघडाव्याच लागतात, कन्व्हर्टरमधून काढलं की रफार कुठल्या कुठे जातो आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, मग मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून ओळ न् ओळ ताडावी लागते. आणि ज्यांच्याकडे या सॉफ्टवेअरची जुनी डोंगलवाली कॉपी आहे (डोंगल म्हणजे ती छोटी चावी, जी खुपसल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) त्यांना ती डोंगल खुपसायला साधा यूएसबी-ए पोर्ट लागतो. बिझनेस लॅपटॉपमध्ये तो अजून टिकून आहे, बारीक घरगुती लॅपटॉपमधून तो चाललाय. हब लावता येतो म्हणा, पण प्रेसमध्ये उभ्या उभ्या काम करताना एक हब लटकतोय, त्याला डोंगल लटकतेय, त्याला पेनड्राइव्ह, हे चित्र मला नको वाटतं.

याच्यापुढचा मुद्दा जास्त गंभीर आहे. डोंगलला ड्रायव्हर लागतो, आणि विंडोजच्या एआरएम आवृत्तीवर (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या चिपसाठीच्या) एआरएमसाठी बनवलेलाच ड्रायव्हर चालतो, जुना चालत नाही. २०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्स या एआरएम चिपवाले विंडोज लॅपटॉप आलेत, बॅटरी सुंदर, वजनाला हलके, बघितल्यावर घ्यावेसे वाटतात. तुमचं काम जुन्या डोंगलवर अवलंबून असेल तर त्यांच्याकडे जायच्या आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकवर पॅरलल्स टाकून विंडोज चालवतात त्यांनाही हेच लागू, कारण तिथेही विंडोज एआरएमचंच असतं.

मॅकचं काय, हा प्रश्न येणारच. मी मॅकची विरोधक अजिबात नाही. उलट रंगाच्या बाबतीत इतका प्रामाणिक घरगुती लॅपटॉप दुसरा नाही असं मला वाटतं. १३ इंची मॅकबुक एअर, सव्वा किलोच्या आतबाहेर, ५०० निट्सचा उजेड, पी३ रंग, आणि मुख्य म्हणजे सिस्टीमच रंग सांभाळते, त्यामुळे फोटो सगळीकडे सारखा दिसतो. विंडोजवर ओएलईडी असला तरी जे ॲप रंगाचं प्रोफाइल मानत नाही ते सगळं भडक दाखवतं. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आला आणि पंखा नसलेल्या मशीनवर लोक फोरके व्हिडिओ कापायला लागले, ते बघताना खरंच आनंद झाला होता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून तर ॲपलने एअरच्या बेसिक मॉडेललाही १६ जीबी रॅम दिली, त्याच्या आधी आठवर किती जण अडकले असतील कोण जाणे.

पण ॲपलच्या बाबतीत एक इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१६ मध्ये त्यांनी मॅकबुक प्रो नव्याने काढला तेव्हा एसडी कार्डचा स्लॉट काढला, एचडीएमआय काढला, चुंबकाने चिकटणारा चार्जर काढला, सगळं यूएसबी-सी. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाले, ज्यांच्या जिवावर ती मशीन विकली जात होती, तेच ॲडॉप्टर शोधत बसले. २०१५ ला आलेला तो बटरफ्लाय कीबोर्ड इतका पातळ होता की धुळीच्या कणाने बटण अडकायचं, शेवटी २०१८ मध्ये ॲपलला फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली. आणि मग २०२१ मध्ये १४ इंची प्रो आला तेव्हा एसडी स्लॉट, एचडीएमआय, चुंबकी चार्जर सगळं परत. पाच वर्षं लागली. छोट्या, काम करणाऱ्या मशीनला पातळपणाच्या मागे नेलं की काय होतं ते इथे स्वच्छ दिसतं.

असंच बिझनेस मशीनच्या बाबतीतही झालंय, फक्त कमी गाजावाजा करून. थिंकपॅडची एक्स मालिका घ्या. २०११ चा एक्स२२०, साडेबारा इंचाचा, आयपीएस पॅनलचा पर्याय, जुना सात ओळींचा कीबोर्ड, लोकांनी तो वर्षानुवर्षं सोडला नाही. २०१७ च्या एक्स२७० पर्यंत रॅम बदलता यायची, मागची बॅटरी काढून दुसरी लावता यायची. २०१८ चा एक्स२८० आला आणि रॅम बोर्डावर सोल्डर, म्हणजे बदलता न येणारी, बाहेरची बॅटरी गेली. पुढच्या वर्षी साडेबारा इंचाचा आकारच गेला. म्हणजे बिझनेसवाली घेतली की सगळं बदलता येईल हे आता गृहीत धरता येत नाही, मॉडेल बघावं लागतं, आणि दरवर्षी बघावं लागतं.

आणि उन्हाळा. ॲपलच्या स्वतःच्या कागदावर मॅकबुक वापरायचं तापमान १० ते ३५ अंश असं लिहिलंय, बिझनेस लॅपटॉपही बहुतेक ३५ वरच थांबतात. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी ३८-४० सहज होतं, नागपूर, अकोला, चंद्रपूर तर ४५ च्या घरात. म्हणजे आपली दोन महिन्यांची दुपार कंपनीच्या हिशोबात धरलेलीच नाही. रिव्ह्यूमध्ये जे आकडे येतात ते एसीत बसून काढलेले असतात. छोट्या मशीनमध्ये प्रोसेसर पहिली काही मिनिटं जोरात पळतो आणि मग तापून स्वतःला आवरतो, पंखा नसलेला एअर तर जास्तच आवरतो. मुखपृष्ठ करणाऱ्याला याने फार फरक पडत नाही, आमचं काम थांबत थांबत चालतं. पण पाऊण तासाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला तर पहिल्या मिनिटाचा वेग काही सांगत नाही, पंधराव्या मिनिटाला काय चाललंय ते बघावं लागतं. पंखा आणि हवा जायला जागा, या दोन गोष्टींसाठी मी दोन-तीन मिलिमीटर जाडी आनंदाने घेईन. बॅटरीलाही उष्णता मानवत नाही, म्हणून टेबलावर कायम प्लगला असलेलं मशीन ८० टक्क्यांवर थांबवून ठेवायची सेटिंग मी पहिल्या दिवशी चालू करते. थिंकपॅडमध्ये ही सोय वर्षानुवर्षं आहे, घरगुतीत आहे की नाही ते घेताना बघावं लागतं.

व्हिडिओवाल्यांसाठी अजून एक, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. हल्लीचे सोनी-कॅनॉनचे कॅमेरे एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ असं, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणारं रेकॉर्डिंग करतात. ते सहज चालायला चिपमध्ये त्याचा डिकोडर, म्हणजे ते उलगडणारा भाग लागतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये तो आहे, ॲपलच्या एम चिपमध्ये आहे, पण एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डात तो आरटीएक्स ५० मालिकेच्या आधी नव्हता. म्हणजे दांडगं ४० मालिकेचं कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप टाइमलाइनवर अडखळेल आणि साधा इंटेलवाला छोटा लॅपटॉप तीच फाइल निवांत चालवेल, असं होऊ शकतं. शिवाय कार्डाचं नाव सारखं असलं तरी ताकद सारखी नसते, आरटीएक्स ४०६० हेच नाव ३५ वॅटलाही मिळतं आणि ११५ वॅटलाही. आणि गेमिंग लॅपटॉपचा चार्जर वजनात धरा, ती वीट पण तुम्हालाच वाहायचीय.

इतकं सगळं झाल्यावर मी कुठे पोचले ते सांगते. स्क्रीन मला बाहेरून जोडता येते. कीबोर्ड बिघडला, बिजागरी तुटली, पोर्ट नाही, प्रवासात बोर्ड गेला, यातलं काहीही बाहेरून जोडून प्रवासात नीट भागत नाही. म्हणून मी छोटी बिझनेस मशीन घेते आणि घरी टेबलावर चांगला मॉनिटर ठेवते. १०० टक्के एसआरजीबीवाला, फॅक्टरीतून कॅलिब्रेट होऊन आलेला २४ इंची मॉनिटर वीस-तीस हजारांत मिळतो, आणि तो दोन लॅपटॉपांचं आयुष्य सहज काढतो. कॅलिब्रेशनचं यंत्र आम्ही चार-पाच जणांनी मिळून घेतलंय, ते फिरत असतं. रंगाचा शेवटचा निर्णय त्या मॉनिटरवरच होतो, बाहेर कधीच नाही.

मग बाहेर काय करते? बाहेर मी आकड्यांनी काम करते. हे आमच्या लाइनमधले जुने डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, शिकवून गेलेत. त्यांच्याकडे बारक्या पिवळट सीआरटी स्क्रीन होत्या, त्यांनी स्क्रीनवर कधी विश्वास ठेवलाच नाही. ते प्रेसचं शेडकार्ड ठेवायचे, छापील, त्याच कागदावर त्याच शाईने काढलेलं, आणि रंग त्यावरून उचलायचे. मॅजेंटा (गुलाबी शाई) १००, यलो १००, की झाला लाल. मॅजेंटा ५०-६० वर आणला की केशरी, २० वर आणला की हळदी. स्क्रीनवर तो कसा दिसतो याला अर्थ नाही, कागदावर तो शेडकार्डासारखाच येणार. बॉडी टेक्स्ट कायम १०० टक्के ब्लॅकमध्येच, चार रंगांचा काळा केला की प्रेसवर अक्षरं दुहेरी होतात. शिवाय छपाईतला सायन (निळसर शाई) तर एसआरजीबीच्या बाहेर पडतो, म्हणजे चांगली स्क्रीनसुद्धा तो पूर्ण दाखवू शकत नाही. तेव्हा मांडणी, मजकूर, दुरुस्त्या, जाहिरातींची जागा, हे नव्वद टक्के काम मी त्या फिकट स्क्रीनवर बिनधास्त करते, आणि मॅट असल्यामुळे खिडकीशेजारी बसूनही करता येतं, जे चकचकीत स्क्रीनवर होत नाही, तिथे आपलंच तोंड दिसत राहतं.

हे माझ्या कामाला लागू आहे, माझ्याकडे टेबल आहे म्हणून लागू आहे. माझी मावसबहीण अप्लाइड आर्ट करून नुकतीच नोकरीला लागली, पीजीत राहते, एका खोलीत तिघी. तिने लिंक पाठवली, "ताई हा घेऊ का, ओएलईडी आहे." तिचं काम सगळं मोबाइलवर बघितलं जाणारं, सोशल मीडियाची क्रिएटिव्हं, छोटी ॲनिमेशनं. मॉनिटर ठेवायला जागा नाही, दोन वर्षांत घर कुठे बदलेल माहीत नाही. तिला मी बिझनेस मशीन घे असं सांगितलं असतं तर ते चूक झालं असतं. तिची स्क्रीन तिच्या मशीनमध्येच असायला हवी. घे म्हटलं, फक्त रॅम सोल्डर आहे तेव्हा आत्ताच १६ ऐवजी ३२ वाला घे, एसआरजीबीचा मोड कुठे आहे तो शोधून ठेव आणि नेटवर जाणारं काम त्यातच तपास, ब्राइटनेस फार कमी ठेवून काम करू नकोस कारण ओएलईडी तेव्हा लुकलुकतो आणि काहींचं डोकं चढतं, सॉफ्टवेअरचे डावे-उजवे पॅनल दिवसभर एकाच जागी राहतात आणि ओएलईडीवर त्यांचा ठसा कायमचा उमटू शकतो म्हणून थीम गडद ठेव, आणि सांडलं-पडलं याची जादा वॉरंटी घेतल्याशिवाय दुकानातून निघू नकोस.

सांगलीचा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो, त्याचं गणित आणखी तिसरंच. तो मांडवातच निवड करतो, वधूच्या आईला तिथल्या तिथे फोटो दाखवतो, शालूचा रंग बरोबर दिसला नाही तर तिथेच नाराजी. त्याला एसडी स्लॉट रोज लागतो. त्याने १४ इंची मॅकबुक प्रो घेतला, पैसे जास्त गेले, जीएसटी नोंदणी असल्यामुळे १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळालं. त्याचा निर्णय मला शंभर टक्के पटतो. एकच काळजी मी त्याच्या मागे लावलीय, की तिथे स्टोरेज बोर्डावरच असतं, बोर्ड गेला तर आतलं बाहेर काढणं अवघड, त्यामुळे मांडवातून निघायच्या आधी दोन बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी झालीच पाहिजे.

ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांच्यासाठी तर बिझनेस मशीनचा रस्ता फार मोठा आहे, आणि मी तो मनापासून सुचवते. कंपन्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बाहेर पडतात आणि रिफर्बिशच्या, म्हणजे दुरुस्त करून विकायच्या जुन्या मशीनच्या बाजारात येतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यातही अशी बरीच दुकानं आहेत. २०१८ चा थिंकपॅड टी४८० घ्या, आत एक बॅटरी, मागे एक काढता येणारी, दोन रॅमचे स्लॉट, पूर्ण आकाराचा एसडी स्लॉट, आणि आठव्या पिढीचा इंटेल असेल तर विंडोज ११ चालतं, जे आता महत्त्वाचं आहे कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्क्रीन फिकीच असते, पण या मशीनची स्क्रीन बदलता येते, ७२ टक्क्यांचं पॅनल घेऊन दुकानवाल्याकडून बसवून घेणारे कितीतरी जण आहेत. घेताना बायोसला (विंडोजच्या आधी मशीन चालू करणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना ते समोर बघा, थिंकपॅडला सुपरवायझर पासवर्ड राहिला असेल तर कंपनीच्या मते बोर्ड बदलणं हाच उपाय आहे. आणि काही एलिटबुकना प्रायव्हसी स्क्रीन असते, बाजूने बघितलं की अंधार, चित्राच्या कामाला ती नकोच. मी दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एका मुखपृष्ठाची फाइल आणि तेच छापील मुखपृष्ठ घेऊन जाते, दोन्ही शेजारी धरलं की स्पेसिफिकेशन वाचायची गरज राहत नाही.

नव्या मशीनमध्ये थोडी आशा दिसतेय. २०२४ च्या थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीत रॅमचे दोन स्लॉट परत आले, बॅटरी स्वतः बदलता येते, मशीन उघडून बघणाऱ्या आयफिक्सिट या साइटने दुरुस्तीसाठी १० पैकी ९ गुण दिले, आणि ऑर्डर करताना जास्त चांगल्या पॅनलचा पर्यायही असतो. आपल्याकडे दुकानात तयार मिळतो तो बहुतेक बेसिक पॅनलचाच, त्यामुळे वेबसाइटवर किंवा डीलरकडे पॅनल सांगून मागवावा लागतो, थोडे दिवस थांबावं लागतं. थांबावं असं माझं मत आहे. पानं लावणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या लोकांनी डीलरला पॅनलबद्दल विचारायला लागायला हवं, प्रत्येकाने, कारण विचारणारे वाढले तरच तो ते मागवून ठेवेल. आणि त्याच मशीनमध्ये कुणी एसडी कार्डचा स्लॉट परत दिला तर मी माझी सध्याची मशीन दुसऱ्याच दिवशी मावसबहिणीच्या खोलीतल्या मैत्रिणीला देऊन टाकीन, तिने आधीच विचारून ठेवलंय.